फुकट आणि मुक्त : सॉफ्टवेअरच्या परवान्याची पारख

इंग्रजींत ‘फ्री’ हा एकच शब्द दोन निरनिराळ्या अर्थीं चालतो, आणि त्यामुळें संगणकाच्या व्यवहारांत फार घोटाळा माजला आहे. आपल्या मराठीस ही अडचण नाहीं. ज्यास दाम पडत नाहीं तें फुकट, आणि ज्यावर धन्याचा अटकाव नाहीं तें मुक्त. लग्नाच्या पंगतींतील जेवण फुकट असतें. पण म्हणून तेथील जिलबी टोपलींत भरून बाजारांत विकण्याची मोकळीक पाहुण्यास नसते. उलटपक्षीं, आजीनें शिकविलेली पुरणपोळीची कृति मुक्त असते. ती आपण करावी, तींत गूळ कमीअधिक करावा, शेजारणीस सांगावी, वाटल्यास पोळ्या करून विकाव्या; आजीची कशासहि ना नसते.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांची, व त्यांच्या पालकांपैकींहि कांहींची, अशी समजूत असते कीं, इंटरनेटवरून दाम न देतां जें उतरवून घेतां येतें तें सर्व ‘ओपन सोर्स’ होय. लॅपटॉप विकतांना दुकानदारानें ‘साहेब, यांत सगळें फुकट भरून दिलें आहे’ असें सांगितलें कीं आपण संतुष्ट होतों. त्या ‘सगळ्यां’त एखादी चोरीची प्रत असते, एखादें कांहीं दिवसांपुरतें दिलेलें असतें, एखादें घरच्या उपयोगास खुलें पण धंद्यास बंद असतें, आणि क्वचित् एखादें खरोखरीचें मुक्तहि असतें. या चौघांस एकाच पंक्तीस बसविणें योग्य नव्हे. त्यांची निवड कशी करावी, आणि जगांत हें निवडण्याचें काम करणारी मंडळी कोणत्या कसोट्या लावतात, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम सॉफ्टवेअर ही काय वस्तु आहे तें पाहूं. प्रोग्रॅम लिहिणारा जो मजकूर लिहितो त्यास सोर्स कोड म्हणतात, व तो जाणत्या मनुष्यास वाचतां येतो. पुढें दुसऱ्या एका प्रोग्रॅमकडून त्याचें यंत्राच्या अंकांत रूपांतर होतें, आणि आपल्या हातीं बहुधा हें अंकरूपच पडतें. तयार पोळी चाखून तींत वेलदोडा आहे हें कळेल, पण कणीक किती वेळ मळली हें कळणार नाहीं. तद्वतच हें आहे. सोर्स कोड न देतां ‘यांत वाटेल ती सुधारणा करा’ असें म्हणणें म्हणजे कुलूपबंद पेटी हातीं देऊन ‘आंतील दागिने तुमचेच’ असें म्हणण्यासारखें आहे.

आतां कायद्याकडे वळूं. आपल्या देशाच्या १९५७ सालच्या कॉपीराइट कायद्यान्वयें संगणकाचा प्रोग्रॅम हा वाङ्मयकृतींत गणला जातो, आणि कर्त्याचा त्यावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत टिकतो. हा हक्क कृति लिहितांच उत्पन्न होतो. नोंदणीची गरज नसते. यावरून असें निघतें कीं, ज्या प्रोग्रॅमबरोबर कोणताच परवाना जोडलेला नाहीं तो मुक्त नसून सर्वस्वीं बंद होय. कर्त्यानें कांहीं बंधन लिहिलें नाहीं म्हणजे मोकळीक दिली, अशी चांगल्या हुशार मुलांचीहि कल्पना असते. पण खरा प्रकार नेमका उलट आहे. मौन हें येथें नकाराचें लक्षण आहे. मोकळीक द्यावयाची तर ती लेखी, आणि नीट शब्दांत, दिली पाहिजे.

अशी लेखी मोकळीक देण्याची चळवळ अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं आरंभिली. १९८५ सालीं त्यांनीं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था काढली व १९८९ सालीं जीपीएल नांवाचा परवाना प्रसिद्ध केला. सॉफ्टवेअर वाटेल त्या कामीं चालवावें, तें अभ्यासून आपल्या गरजेप्रमाणें बदलावें, त्याच्या प्रती वाटाव्या, आणि बदललेल्या प्रतीहि वाटाव्या, हीं चार स्वातंत्र्यें ज्यास आहेत तें मुक्त, अशी त्यांची व्याख्या आहे. जीपीएलची विशेष खुबी ही कीं, ज्यास हीं स्वातंत्र्यें मिळालीं त्यानें बदललेली प्रत पुढें देतांना घेणाऱ्यासहि तींच दिलीं पाहिजेत. कॉपीराइटचें हत्यार येथें दरवाजा बंद करण्याऐवजीं तो उघडा ठेवण्याच्या कामीं लावलें आहे.

पुढें मात्र जो तो आपापला परवाना लिहूं लागला. कोणी विद्यापीठानें लिहिला, कोणी कंपनीनें लिहिला, कोणी गमतीखातर लिहिला. मग प्रश्न आला कीं यांतील खरा मुक्त कोणता? हा प्रश्न सर्वांत अधिक ज्यांच्या गळ्याशीं आला ते डेबियनचे लोक. डेबियन हा इयन मर्डॉक नांवाच्या एका तरुण विद्यार्थ्यानें १९९३ सालीं सुरू केलेला संग्रह होय. निरनिराळ्या हातांनीं लिहिलेले प्रोग्रॅम जमवून, त्यांचा मेळ घालून, सबंध संगणक चालेल असा एक संच तयार करावयाचा व तो सर्वांस द्यावयाचा, हें त्यांचें काम. आज त्या संचांत साठ हजारांवर पॅकेजें आहेत. आतां विचार करा. अशा संचाची प्रत एखाद्या शाळेनें काढून मुलांस वांटली, किंवा एखाद्या गरीब दुकानदारानें डिस्कवर भरून विकली, तर साठ हजार कर्त्यांपैकीं एकानेंहि ‘मला विचारल्याशिवाय नको’ असें म्हटलेलें असतां उपयोगी नाहीं. एका परवान्यांतील एक खोंच सबंध संचास अडवूं शकते.

म्हणून १९९७ सालच्या जुलैंत डेबियनच्या मंडळींनीं एक सामाजिक करार प्रसिद्ध केला, व त्यासच जोडून मुक्त सॉफ्टवेअर ओळखण्याचीं दहा कलमें दिलीं. हा मसुदा मुख्यत्वें ब्रूस पेरेन्स यांनीं तयार केला होता. दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १९९८ सालीं, त्यांतून डेबियनचें नांव वगळून तींच कलमें थोड्या फेरफारानें ‘ओपन सोर्स’ची व्याख्या म्हणून स्वीकारण्यांत आलीं. आज ‘ओपन सोर्स’ हा शब्द जो तो उच्चारतो. पण त्याचें मूळ एका संचांत काय घ्यावें व काय घेऊं नये या घरगुती प्रश्नांत आहे, हें थोड्यांस ठाऊक असतें.

दहाहि कलमांचा पाढा येथें वाचीत नाहीं. प्रत वाटण्यास व विकण्यास मनाई नसावी, सोर्स कोड द्यावा, बदल करण्याची व बदललेली प्रत पुढें देण्याची मुभा असावी, हीं कलमें कोणासहि सहज पटतील. अडचण येते ती पांचव्या व सहाव्या कलमांशीं. पांचवें म्हणतें, परवान्यानें कोणत्याहि व्यक्तींत वा समूहांत भेद करूं नये. आणि सहावें म्हणतें, कोणत्याहि उद्योगाच्या क्षेत्रांत भेद करूं नये. येथें सज्जन मनुष्यहि थबकतो, व आमच्या मतें खरी शिकवण येथेंच आहे. म्हणून येथें थोडें थांबूं.

डग्लस क्रॉकफर्ड हे एक नामांकित अमेरिकन प्रोग्रॅमर. संगणकांमध्यें माहितीची देवघेव करण्याची जेसन नांवाची पद्धति त्यांच्यामुळें रूढ झाली. त्यांनीं आपल्या कांहीं प्रोग्रॅमांस एक सुप्रसिद्ध मुक्त परवाना जोडला व त्यांत आपल्या पदरचें एकच वाक्य घातलें : हें सॉफ्टवेअर चांगल्यासाठीं वापरावें, वाइटासाठीं नव्हे. आमच्यासारख्या शिक्षकास हें वाक्य वाचतांच समाधान वाटतें. मुलांच्या वहीवर आम्ही दुसरें काय लिहितों? परंतु डेबियननें तो परवाना नाकारला. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननें तो मुक्त नव्हे असा निर्णय दिला. २०१६ सालीं अपाची फाउंडेशननेंहि आपल्या प्रकल्पांत तो चालणार नाहीं असें ठरविलें. पीएचपी या भाषेंत त्या परवान्याखालील एक भाग होता, तो काढून त्या जागीं दुसऱ्यानें नव्यानें लिहिलेला भाग डेबियनमध्यें घालावा लागला.

इतका खटाटोप एका सद्बोधपर वाक्यासाठीं कां? कारण तें वाक्य परवान्यांत आहे. व्याख्यानांत तें उपदेश ठरलें असतें; परवान्यांत तें अट ठरतें, आणि अट मोडली कीं हक्क जातो. मग चांगलें काय व वाईट काय हें कोणी ठरवावयाचें? एकास मासळीचा व्यापार पाप वाटतो, आणि मालवणच्या कोळ्याचें सारें घर त्यावर चालतें. एकास लढाईसाठीं लागणारें कोणतेंहि काम निषिद्ध, दुसऱ्याचा मुलगा सैन्यांत. परवान्यावर विसंबून ज्यानें आपलें दुकान थाटलें त्याच्या मानेवर कर्त्याच्या मताची तलवार कायमची टांगलेली राहते, आणि कर्ता मेल्यावर ती त्याच्या वारसांच्या हातीं जाते. क्रॉकफर्ड यांनीं स्वतःच एका जाहीर व्याख्यानांत विनोदानें सांगितलें होतें कीं, आयबीएम कंपनीच्या वकिलांनीं शंका विचारल्यावरून आपण त्या कंपनीस, तिच्या गिऱ्हाइकांस व चेल्याचपाट्यांस तें वाइटासाठीं वापरण्याची खास परवानगी दिली. ज्यांच्याजवळ वकील होते त्यांचें काम झालें. ज्यांच्याजवळ नाहींत त्यांचें काय, हा प्रश्न हंसून सुटत नाहीं.

याहून गंभीर असें दुसरें उदाहरण पेरेन्स यांनीं दिलें आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील एका प्रोग्रॅमच्या परवान्यांत, दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांस तो वापरण्याची मनाई होती. वर्णद्वेषी राजवटीच्या काळांत त्या अटीमागील भावना स्तुत्यच होती, आणि ज्या देशांत गांधीजींनीं सत्याग्रहाचा पहिला पाठ घालून दिला त्या देशाविषयींची ती अट असल्यामुळें आम्हां भारतीयांस तर ती विशेषच पटेल. पण १९९४ सालीं तें राज्य पालटलें, मंडेला अध्यक्ष झाले, आणि पोलीस नव्या राज्याचे सेवक झाले. अट मात्र कागदावर जशीच्या तशी. कागदास पश्चात्ताप समजत नाहीं व क्षमाहि करतां येत नाहीं.

सहाव्या कलमाचा आपल्या घराशीं अधिक निकटचा संबंध आहे. ‘केवळ शैक्षणिक उपयोगासाठीं’, ‘धंद्याव्यतिरिक्त उपयोगासाठीं’ अशा अटींचीं सॉफ्टवेअरें शाळांस फुकट मिळतात, व शाळा तीं आनंदानें घेतात. त्यांत गैर कांहीं नाहीं. देणगी ती देणगी. परंतु त्यांस मुक्त म्हणतां येत नाहीं. जो मुलगा दहावीपर्यंत त्यावर चित्रें व पत्रिका तयार करावयास शिकतो, तोच पुढें गांवीं लग्नपत्रिकांचें लहानसें दुकान काढतो, तेव्हां त्याचें हत्यार त्याच्या हातून गळून पडतें. मग त्यानें एक तर मोठी रक्कम भरावी, नाहीं तर चोरी करावी. शाळेंत वापरावयाचें सॉफ्टवेअर निवडतांना फुकट मिळतें कीं नाहीं याहूनहि, मूल शाळेबाहेर पडल्यावर तें त्याच्या बरोबर जाईल कीं नाहीं, हें पालकांनीं विचारावें असें आम्हांस वाटतें.

कलमांखेरीज डेबियनच्या मंडळींनीं चर्चेच्या सोयीसाठीं तीन काल्पनिक प्रसंगहि बसविले आहेत. ते कायद्याचे नियम नव्हेत. अंतिम निर्णय संग्रहाचे राखणदार घेतात. पण विद्यार्थ्यांस ते कलमांपेक्षां लवकर समजतात, असा आमचा अनुभव आहे.

पहिला प्रसंग निर्जन बेटाचा. एक मनुष्य जहाज फुटून बेटावर अडकला आहे. त्याच्यापाशीं सूर्याच्या उन्हावर चालणारा संगणक आहे, पण बाहेरच्या जगाशीं दळणवळण नाहीं. परवान्यांत ‘कांहीं बदल केल्यास तो कर्त्याकडे पाठवावा’ अशी अट असेल तर त्या बिचाऱ्यानें ती पाळावी कशी? जी अट त्यास पाळतां येत नाहीं ती मुक्तपणास बाधक. बेट कशाला, आपल्या सह्याद्रीच्या कुशींत अजून अशीं गांवें आहेत कीं जेथें पावसाळ्यांत चार दिवस तार लागत नाहीं.

दुसरा प्रसंग जुलमी राज्यांतील बंडखोराचा. त्यानें प्रोग्रॅममध्यें सुधारणा करून ती आपल्या साथीदारांस दिली आहे. आपलें नांव उघड करावें किंवा प्रत सर्व जगास दाखवावी अशी परवान्याची अट असेल तर ती पाळणें म्हणजे तुरुंगांत जाणें. हा प्रसंग आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस परका वाटूं नये. प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचें नांव व छापखान्याचें ठिकाण असलेंच पाहिजे असा १८६७ सालचा कायदा आपल्याकडे होता, आणि १९४२ सालीं गुप्त पत्रकें काढणाऱ्यांस तो पाळतां येणें शक्य नव्हतें. म्हणून असें ठरलें कीं, ज्यास प्रत दिली त्यास सोर्स कोड द्यावा ही अट चालेल. तिऱ्हाइतास कळवावें ही चालणार नाहीं.

तिसऱ्या प्रसंगास त्यांनीं ‘दुष्टाच्या नांग्या’ अशा अर्थाचें नांव दिलें आहे. समजा, सज्जन कर्त्याची कंपनी उद्यां एखाद्या लोभी धनिकानें विकत घेतली. आजवर दिलेल्या मोकळिकी त्यास परत घेतां येतील काय? ‘ही परवानगी केव्हांहि रद्द करण्याचा अधिकार आम्ही राखून ठेवतों’ असें एक वाक्य कोठें तरी खालीं, बारीक अक्षरांत, असेल तर उत्तर होकारार्थी आहे. आणि मग तें सॉफ्टवेअर आज कितीहि उदारपणें दिलेलें असो, मुक्त नव्हे.

शब्दांची हयगय कशी भोंवते याचें एक उदाहरण पाइन या ईमेलच्या प्रोग्रॅमचें आहे. वॉशिंग्टन विद्यापीठानें त्याच्या परवान्यांत वापरण्याची, प्रत करण्याची, बदलण्याची व वाटण्याची परवानगी दिली होती. सरळ वाचणाऱ्यास वाटे, बदलून वाटण्याचीहि मुभा आहे. पण विद्यापीठानें अर्थ केला तो असा : बदला, आणि वाटा, बदलून वाटूं नका! एका ‘व’चा हा पराक्रम. व्याकरणाच्या तासास कंटाळणाऱ्या मुलांनीं हें जरूर लक्षांत ठेवावें. परिणामीं डेबियननें पाइन मुक्त विभागांत घेतला नाहीं. पुढें विद्यापीठानेंच अल्पाइन ही नवी कृति अपाची परवान्याखालीं दिली तेव्हां तो वाद मिटला.

नांवाचा प्रश्न मात्र निराळा. ‘बदल करा, पण बदललेल्यास माझें नांव देऊं नका’ असें कर्त्यानें म्हटल्यास तें कलमांस मान्य आहे. कारण त्यांत कर्त्याची अब्रू आहे, व वाचकाचीहि सोय आहे. २००६ सालीं मोझिला संस्थेनें फायरफॉक्स हें नांव आपल्या अटींवरच वापरावें असा आग्रह धरला, तेव्हां डेबियननें आपल्या प्रतीचें आइसवीझल असें बारसें केलें, आणि तें नांव २०१६ सालीं समेट होईपर्यंत चाललें. आपल्या देवनागरी अक्षरांच्या फॉन्टांसहि हाच नियम लागूं आहे. भाषाभ्यास व बायबलचें भाषांतर यांशीं जिचा पूर्वापार संबंध आहे त्या एसआयएल या ख्रिस्ती संस्थेनें तयार केलेला ‘ओपन फॉन्ट लायसेन्स’ आज फार प्रचारांत आहे. मुंबईच्या एक टाइप मंडळीचे ‘मुक्त’ व ‘बलू’ हे फॉन्ट त्याखालींच मिळतात. त्यांत बदल करून नवा फॉन्ट करतां येतो; राखीव म्हणून जाहीर केलेलें नांव तेवढें घेतां येत नाहीं. फॉन्ट एकटाच विकूं नये अशीहि त्यांत अट आहे, पण दुसऱ्या कोणत्याहि सॉफ्टवेअरबरोबर विकण्यास हरकत नाहीं. डेबियनचें पहिलें कलम संचाबरोबर विकण्याचीच मुभा मागतें, म्हणून हा परवाना त्यांस चालतो. ही पळवाट आहे असें कोणी म्हणेल. आम्हांस ती सोय वाटते.

या मंडळीची निःपक्षपातबुद्धि पाहावयाची असेल तर २००६ सालचें त्यांचें मतदान पाहावें. स्टॉलमन यांच्याच संस्थेचा ग्रंथांसाठीं केलेला एक परवाना आहे. त्यांत ग्रंथाचे कांहीं भाग कोणीहि बदलूं नयेत असें ठरवितां येतें. डेबियननें निर्णय दिला कीं, असे अचल भाग नसतील तर ग्रंथ मुक्त, असतील तर नाहीं. त्यामुळें ईमॅक्स या स्टॉलमन यांच्या सुप्रसिद्ध प्रोग्रॅमचें मार्गदर्शक पुस्तक डेबियनच्या मुक्त विभागाबाहेर ठेवावें लागलें. गुरूच्या उत्तरपत्रिकेवर शिष्यानें लाल शाई उमटवावी, तसाच हा प्रकार.

अलीकडील वाद धंद्यांतून उद्भवले आहेत. २०१८ सालीं मोंगोडीबी कंपनीनें नवा परवाना केला. त्यांतील अट अशी : आमचें सॉफ्टवेअर जो इतरांस सेवा म्हणून पुरवील त्यानें ती सेवा चालविण्यास लागणाऱ्या आपल्या साऱ्या प्रोग्रॅमांचाहि सोर्स कोड खुला करावा. आम्ही राबावें आणि दुसऱ्या अजस्र कंपन्यांनीं आमच्या श्रमावर गबर व्हावें हें त्या कंपनीचें दुःख खोटें नव्हतें, व आमची सहानुभूति तिला आहे. तथापि डेबियन व फेडोरा या दोघांनींहि तो परवाना नाकारला, आणि कंपनीनें २०१९ सालीं ओपन सोर्स इनिशिएटिव्हकडील आपला अर्ज मागें घेतला. आपल्या मालास आपल्या अटी घालण्याचा हक्क प्रत्येकास आहे. त्या अटींस दुसऱ्याचें नांव लावण्याचा नाहीं.

डेबियनचे लोक हटवादी आहेत असा आक्षेप वारंवार येतो. पण २०२२ सालीं त्यांनीं मतदानानें ठरविलें कीं, वायफाय इत्यादि यंत्रभाग चालविण्यास लागणारे बंद प्रोग्रॅम यापुढें स्थापनेच्या अधिकृत संचांत द्यावे, नाहीं तर सामान्य माणसाचा लॅपटॉप सुरूच होत नाहीं. २०२३ सालच्या बाराव्या आवृत्तीपासून तसें झालें. मात्र त्यांसाठीं त्यांनीं निराळा विभाग केला व त्याच्या नांवांतच ‘मुक्त नव्हे’ असें लिहिलें. गरजेपुढें मान तुकविली, पण पितळेस सोनें म्हटलें नाहीं.

आतां व्यवहाराचें सांगतों. कोणतेंहि सॉफ्टवेअर घेतलें कीं त्याच्या फोल्डरांत ‘लायसेन्स’ किंवा ‘कॉपीइंग’ या नांवाची फाइल आहे का तें पाहा. डेबियनमध्यें ती प्रत्येक पॅकेजाबरोबर ‘कॉपीराइट’ या नांवानें असते. तींत जीपीएल, एमआयटी, बीएसडी, अपाची यांपैकीं एखादें नांव आढळलें व त्याखालीं कोणी आपल्या पदरचें वाक्य चिकटविलेलें नसलें, तर वहिनीच्या लॅपटॉपवर, मामाच्या दुकानांत, मित्राच्या घरीं, खुशाल प्रत द्या. दुसरेंच कांहीं नांव आढळल्यास सबंध परवाना वाचा. विशेषेंकरून ‘केवळ’, ‘व्यतिरिक्त’, ‘पूर्वपरवानगीनें’ व ‘रद्द’ अशा अर्थाचे शब्द कोठें आहेत ते पेन्सिलीनें टिपा. कांहींच आढळलें नाहीं तर प्रत देऊं नका. आणि वाचूनहि अर्थ लागला नाहीं तर कागद आमच्याकडे घेऊन या. शनिवारीं शाळा सुटल्यावर तासभर आम्ही संगणकाच्या खोलींत असतों.